कौल

ओबदुलियाबाईंनी आधी कॉफी दिली, मग कुदळ दाखवली.
एलादिओने कॉफी दिली नाही. कुदळ त्याच्याकडेही होती.
ओउरेन्सेच्या डोंगरात मोजणीला आलं
की कुणाच्या घरचं पाणीही पिऊ नये,
हे मला पहिल्याच वर्षी कळायला हवं होतं.
कॉफीचे घोट बांधापलीकडून मोजले जातात.

भांडण दीड पावलाच्या पट्टीचं.
तिच्यावर एक चेस्टनटचं झाड, झाडापाशी शेवाळलेला हद्दीचा धोंडा,
आणि हा धोंडा रात्री चालतो, असं दोघांचंही म्हणणं.
तिच्या मते तिच्याकडे. त्याच्या मते त्याच्याकडे.
एकतीस वर्षं.
दोन वकील वारले. तिसऱ्याने द्राक्षमळा घेतला.

एलादिओची आई सांगायची म्हणे,
धोंडा सरकवणारा मेला तरी सुटत नाही.
तोच धोंडा खांद्यावर घेऊन रानोमाळ फिरतो
आणि भेटेल त्याला विचारतो, कुठे ठेवू?
"हिचा नवरा विचारत असतो," एलादिओ म्हणाला.
"आणि मी खिडकीतून सांगते त्याला," ओबदुलियाबाई म्हणाल्या,
"शेजाऱ्याला विचार, त्याला सगळ्या जागा पाठ आहेत."

यंत्र तिपाईवर चढवलं,
पण झाडाखाली त्याला आभाळ सापडेना.
मग जुनी रीत.
धोंडा रोवताना इथे एक कौल फोडायचे,
आणि दोन तुकडे त्याच्या दोन कुशींना पुरायचे.
त्यांना साक्षीदार म्हणतात.
धोंडा हलवणाऱ्याला घाई असते,
साक्षीदार तिथेच निजून राहतात.

धोंड्याखाली काहीच नव्हतं.
"बघा!" ती म्हणाली.
"बघा!" तो म्हणाला.

तिने दाखवलं तिथे, त्याच्या तारेला लागून, खणलं.
हातभर खाली लाल कौल. दोन तुकडे.
कडा जुळवून पाहिल्या. बसल्या.
ओबदुलियाबाईंनी कपाळ-छातीवर क्रूस काढला
आणि तारेपलीकडे ऐकू जाईल असं नाक शिंकरलं.

"आता मी म्हणतो तिथे."
तिच्या कोबीला लागून खणलं.
आधी एक बिनदांड्याचा चमचा,
मग कौल. दोन तुकडे.
तेही बसले.

झाडावरून एक काटेरी बोंड पडलं.
कुठल्या बाजूला, ते कुणी पाहिलं नाही.

जुन्या वहीत मग दोघांच्या मध्ये
एक तिसरं शेत निघालं. दीड पाऊल रुंद.
वाटण्या होता होता उरलेलं, एर्मितास नावाच्या बाईच्या नावावर.
ती एकोणीसशे अकरात ब्युनोस आयर्सच्या बोटीत चढली.
पुढचा रकाना कोरा.

"तुमची वहीच खोटी!"
दोघं एकदमच ओरडली,
आणि एकदम ओरडलो म्हणून ओशाळली.

रात्री दहाला तिचा फोन, कुजबुजत.
त्या बाईच्या नातवंडांचा पत्ता मिळेल का?
त्याला बोलू नका.
सव्वादहाला त्याचा.
दोघांनाही हो म्हटलं.

कोट खुंटीला लावताना खिसा जड लागला.
सहा चेस्टनट. खड्डे खणताना केव्हा उचलले, आठवेना.
वारसांना कळवायला हवं होतं खरं.
चिरा पाडून तव्यावर टाकले,
आणि उभ्या उभ्याच खाल्ले.