सात नंबरचा चमचा

पट्टी काढली तेव्हा आधी कुमुद दिसली,
मग तिच्या मागचं कपाट,
आणि कपाटात माझ्या अकरा गाड्या,
पाकातून काढून ठेवल्यासारख्या.

म्हटलं, हे कुणी केलं?
म्हणाली, तुम्हीच.

पिंपरीच्या पेंटशॉपमध्ये एकतीस वर्षं काढली.
तिथे चकाकी मोजायचं यंत्र होतं,
साठ अंशांच्या कोनात उजेड टाकायचं, आकडा द्यायचं.
मी यंत्राच्या आधी आकडा सांगायचो.
पोरं चहाच्या पैजा लावायची.

आणि गेली दोन वर्षं
डोळ्यांत दूध साचत होतं,
मला वाटत होतं क्लिअर मरतंय.
म्हणून अजून एक हात.
अजून एक.

बस चोवीसपट लहान करता येते.
दार, आरसा, घंटीची दोरी,
मडगार्डवरचा पोचासुद्धा.
उजेड तेवढा लहान होत नाही.
तो खिडकीतून अख्खाच येतो,
वीतभर टपावर बसतो
आणि सगळ्यांना सांगतो, खेळणं आहे.
म्हणून चकाकी मारायची असते.
हे मीच शिकवतो, दर रविवारी,
सदाशिवातल्या दोन पोरांना.
तीही गप्प.

आणि हे म्हणे पुणं!
जिथे लग्नाच्या पंगतीत
अळूत दाणे कमी पडले हे वधूपित्याला बोलावून सांगतात,
तिथे दोन वर्षं
एक माणूस बोलला नाही.

चमचे मांडले.
प्लॅस्टिकचे, बोहरी आळीतून डझनाने आणलेले,
पाठीला बसचा लाल.
पहिला नुसता चकचकीत,
दहावा शाळेचा फळा,
मधे थेंबाथेंबाचा हिशोब.
मॅटची बाटली तळापासून ढवळावी लागते,
भुकटी खाली जाऊन बसते.
न ढवळता मारलं तर आज आरसा
आणि उद्या, तळ आला की, पीठ.

ड्रॉपर दोन झाले होते घरात.
डोळ्याच्या ड्रॉपरला कुमुदने तांबडा दोरा बांधला
आणि थिनरचा तांदळाच्या डब्यामागे लपवला.
दिवसातून चार वेळा ती म्हणायची, वर बघा.
मी वर बघायचो
आणि पंख्याच्या पात्याची चकाकी मोजायचो.
पस्तीस. फार तर अडतीस.

सातवा चमचा बरोबर आला.
धुतलेली, पण रात्रभर डेपोत उभी राहिलेली बस.

धनकवडीला शेलारकडे गेलो.
सव्वीस वर्षं त्याने स्वारगेट-कात्रज ओढली,
निवृत्तीला त्याची बस मीच करून दिली होती.
म्हटलं, आठ दिवस दे. चुकलंय.
त्याने शोकेसची काच सरकवली नाही.
"दिलेलं परत मागायला आलात?"
अरे, इतकी चमकत नसते बस.
"मला सांगता? धुवायचो मी ती."
मग तेव्हा बोलला का नाहीस?

बशीत चहा ओतला, फुंकला, प्यायला.
मग म्हणाला,
"दसऱ्याला चमकायची. झेंडू लावून, कुंकू लावून
पहाटेची पहिली फेरी निघायची तेव्हा.
कात्रजला पोचेस्तोवर परत धूळ.
पाऊण तास.
मी समजलो, तुम्ही तेवढा पाऊण तास केलाय."

बस तिथेच आहे.
कपाटातल्या अकरा सातवर आणतोय, सवडीने.

नवी एक घेतलीय हातात, तशीच लाल.
तिच्या पायरीजवळच्या दांड्यावर मात्र
मी काहीच फवारत नाही.
मॅट वाळला की नुसतं बोट फिरवतो,
उघडं, जेवणाच्या आधीचं.
माणसं धरत जातात तशी लोखंडाला जी कळा येते,
ती कुठल्या चमच्यावर नाही.

कुमुद आतून हाक मारते, पानं वाढलीत.
येतो म्हणतो.
अजून पद्मावतीलाच पोचलोय.