चौदावा भाग

चौथ्या मजल्यावरून पटकथा परत आली,
समासात पिवळ्या शाईची एकच ओळ:
हुल्की एफेंदी नक्की करतो काय?

काही करत नाही.
कादिकोयच्या धक्क्यावर तिकिटांच्या खिडकीत बसतो,
सुटे पैसे दोनदा मोजून देतो,
शेवटची फेरीबोट गेली की चहाचा ग्लास विसळून
पालथा ठेवतो.
तेरा भाग झाले, एवढंच.
बाकी सगळं मी त्याच्याभोवती ताणलंय:
खून, वाटण्या, दोन मोडलेली लग्नं,
पिस्तूल घेऊन फिरणारा तो देखणा जावई.
तंबूच्या मधला बांबू नाचत नाही,
म्हणून कुणी तो उपटत नाही.

तान्जू बे सभ्य माणूस.
आधी चहा मागवतो,
माझ्या आईच्या गुडघ्याची चौकशी करतो,
मग आलेख उघडतो.
"नव्याण्णवाव्या मिनिटाला बघा,
म्हातारा नाणी मोजतो
तिथे रेघ खाली बसते."
दमली असेल, मी म्हटलं,
एकशे चाळीस मिनिटं चालतेय बिचारी.
तो हसला.
हसणारी माणसं नाही म्हणत नाहीत,
थांबून राहतात.

"मारून टाका. शक्यतो बर्फात.
आणि त्याची मुलगी धावत येते."
त्याला मुलगी नाही.
"मग असू द्या एक."

रात्री जेवात बेंचा फोन.
शहात्तर वर्षं, रंगभूमीवर कमावलेला आवाज,
आता फक्त मला ऐकू येईल इतका खाली आणलेला.
"बाई, माझं काय ठरलं?
म्हणजे, घरमालकाला एक तारखेचं
सांगायचं होतं."
मी म्हटलं, लिहितेय.
खोटं नव्हतं ते.
समोर कोरा पडदा होता
आणि कुर्तुलुशच्या गल्लीत कुणीतरी
गाडी लावायला जागा शोधत
चौथ्यांदा त्याच वळणावरून जात होतं.

आमच्याकडे सिगारेट धूसर करतात.
दारूचा पेला धूसर करतात.
गप्प बसणं कसं धूसर करायचं
ते अजून कुणाला सापडलं नव्हतं,
म्हणून मी तेच लिहिलं:

खिडकी बंद. बाहेर रांग.
एक बाई नाण्याने काचेवर टकटक करते.
आत चहाचा ग्लास,
सुलटा.
रांग हळूच शेजारच्या खिडकीकडे सरकते.
बोट सुटते.
एकवीस सेकंद.

त्याची त्यांनी नऊ केली.
व्हायोलिन घातलं.
बर्फही घातलाच, साबणाच्या फेसाचा, एप्रिल महिन्यात,
आणि लाल कोट घातलेली कुणीशी मुलगी
धक्क्यावर गुडघे टेकून रडली, छान रडली.
ग्लास तेवढा सुलटा राहिला.
तो कापायचा तर आधी
दिसायला हवा होता.

सकाळी दहाला आकडे आले.
आम्ही पहिले.
दुपारपर्यंत खऱ्या धक्क्यावर,
खऱ्या खिडकीखाली,
लोकांनी चहाचे ग्लास आणून मांडले होते,
अठरा-वीस तरी. तिथला खरा कारकून
वैतागून ते बाजूला सारत होता,
असं मला एका कॅमेरावाल्याने सांगितलं.
सुलटे होते की पालथे, ते त्याने पाहिलं नाही.

तान्जू बेने स्वतः फोन केला.
आईचा गुडघा. मग:
"हुल्की एफेंदीला एखादा जुळा भाऊ
असायला काय हरकत आहे?"

हरकती मला सतरा सुचल्या.
एक तारीख मात्र एकच होती.
हो म्हणाले.
माझं हो कसं वाजलं
ते फोन ठेवल्यावर मला कळलं:
तान्जू बेच्या हसण्यासारखं.

जेवात बेंना कळवलं.
पलीकडे बराच वेळ काही नाही.
मग विचारलं,
"भाऊ काय करतो?"
काही करत नाही.
"बरं," ते म्हणाले. "ते मला जमतं."
आणि फोन ठेवता ठेवता,
अगदी सहज:
"पण तो ग्लास कसा ठेवतो?"

पंधरावा भाग बुधवारी पहाटे द्यायचाय.
मी स्वयंपाकघरात उभी आहे,
ओट्यावर ओला ग्लास,
एकदा असा ठेवून पाहते,
एकदा तसा.