मधलं पान

पाळकसाहेब, रविवारी तुम्ही
लाल पेन्सिलीनं खुणा करून
शास्त्र माझ्या हातात दिलंत.
म्हणालात, घरी जाऊन नीट वाच.

वाचलं.
मिरजेत वीज गेलेली, मोबाईलच्या उजेडात,
आई झोपलेली म्हणून ओठ न हलवता.

अठराव्या अध्यायात एक ओळ. विसाव्यात तीच,
आता शिक्षेसकट.
दोन्हींखाली तुमची लाल रेघ.
मधला एकोणिसावा मात्र कोरा.

त्यात द्राक्षं आहेत, पाळकसाहेब.
गळून पडलेले मणी मालकानं वेचू नयेत,
गरिबासाठी ठेवावेत, परक्यासाठी.

तिथंच थांबलो. ते मणी मला माहीत आहेत.
तासगावच्या रस्त्याला शद्रकमामांची बाग,
मार्चचं ऊन, शेडवरून येणारा गंधकाचा वास
आणि मांडवाखाली ओणवा इरगोंडा,
डिपिंग ऑइलनं बोटं सोललेली,
मातीतला मणी न् मणी घमेल्यात भरतोय.
मामा तेही सोडत नाहीत.
तो काळा माल वेगळ्या भावानं जातो.
मामा, आपले पंच,
टेरिकॉटचा सफारी घालून
(दोन सुतांचं कापड, तेही त्याच पानावर)
मंडळीसमोर उभे राहिले, आणि माझ्याविषयी म्हणाले
जाऊ दे.

कुणी सांगतं, मूळ शब्दाचा अर्थच निराळा होता,
तेव्हाची देवळं, तेव्हाचे राजे, गुलाम पोरं.
असेल. मला हिब्रू येत नाही.
आणि वकिलासारखी फट शोधत वाचणं
बाबांनी शिकवलं नाही मला.
ते बोट ठेवून वाचायचे,
न कळलेल्या ओळीवर
बोट तसंच ठेवून
दुसऱ्या हातानं चहा प्यायचे.
चहा गार व्हायचा, बोट हलायचं नाही.

मीही ठेवून बसलोय.

एवढंच की, प्रभुभोजनाचा रस
आपल्याकडे बेदाण्याचा.
शद्रकमामा किलोभर देतात, फुकट,
कुठला माल ते मला ठाऊक आहे.
मार्थाकाकू रात्रभर भिजवतात, कुसकरतात,
जुन्या पांढऱ्या ओढणीतून गाळतात.
त्या गुरुवारी तुम्ही सगळे प्यायलात.
ट्रे मागच्या बाकापर्यंत आला,
तुमच्या डोळ्यांकडे बघून
माझ्यावरून पुढे गेला.

रात्री इरगोंडानं विचारलं,
कसा असतो रे चवीला?
गोड, म्हणालो. जरासा मातीचा वास.

खोटं बोललो का,
अजून कळत नाही.