बाकी

पितळी खिडक्या आठ. शेवटच्या संध्याकाळी
त्यांत थांबलेला आकडा: ३३५५४३९३.
त्सिउरीनं तो नेहमीसारखा वहीत उतरवला,
मग खटका खाली ओढला,
आणि क्विरिला नदीवरचा लाल डबा
वाटेत न अडकता, शहाण्यासारखा घरी आला.

तीन कोटी पस्तीस लाख चोपन्न हजार तीनशे त्र्याण्णव.
इतकी माणसं वर मॅंगनीजच्या खाणीकडे गेली.
एकच माणूस वीस हजारदा गेलं असेल,
पण फिरत्या दांड्याला ओळख नव्हती.
त्याला दरवेळी नवा एक.

बोंदो मास्तर, ज्याची शाळा आधीच बंद पडली होती,
वही चाळत म्हणाला:
"पाच आठवड्यांपूर्वी तुझ्या नाकासमोरून
एक परिपूर्ण संख्या गेली, त्सिउरी.
३३५५०३३६.
तिला निःशेष भागणाऱ्या सगळ्या संख्या घे,
ती स्वतः सोडून, आणि बेरीज कर. तीच येते.
सहा, अठ्ठावीस, चारशे शहाण्णव,
आठ हजार एकशे अठ्ठावीस,
आणि त्यानंतर थेट ही. मधे कुणी नाही."

तारीख नऊ ऑक्टोबर. सकाळचा आकडा ३३५५०२८१.
म्हणजे त्या दिवशीचं पंचावन्नावं माणूस.
त्सिउरी आठवत बसली.
खोकणारा वेल्डर? अक्रोडांची पिशवी फाटलेली बाई?
कोंबडी काखेत धरलेलं पोरगं,
ज्याच्याशी तिनं कोंबडीच्या तिकिटावरून वाद घातला होता?
परिपूर्ण असं त्या दिवशी
कुणीच दिसलं नव्हतं.

मास्तरची हळहळ वेगळीच.
"आणखी एकोणचाळीस जण हवे होते.
मग एकाची पंचवीसदा दुप्पट झाली असती, काठोकाठ.
हातानं फिरवूया का दांडा?"
"माणूस वर जात नसेल तर नाही,"
ती म्हणाली, आणि किल्ली एप्रनच्या खिशात टाकली.

मग हिवाळाभर तो भागत राहिला.
दोनानं नाही, शेवटी तीन आहे.
तिनानं बाकी दोन. साताने पाच. तेरानं पुन्हा दोन.
साखरेच्या पुड्याचे कागद संपले,
तेव्हा शाळेच्या जुन्या हजेरीपटांच्या पाठी,
गैरहजर मुलांच्या नावांमागे, भागाकार.
साडेसातशेवर मूळ संख्या, एकेक करून.
दोनदा हातचा विसरला.
एकदा वाटलं भाग गेला, रात्री अडीचला तिचं दार ठोठावलं,
आणि उंबऱ्यातच चूक सापडली.

मार्चमध्ये शेवटचा भाजक, ५७९१.
बाकी तेराशे एकोणचाळीस.
यापुढे तपासायची गरज नाही, तो म्हणाला.
हिला कुणीच भागत नाही. एक, आणि ती स्वतः. बस.

त्सिउरी मक्याची भाकरी उलटत होती.
"एवढी माणसं," ती म्हणाली,
"आणि दोघांतही सारखी वाटता येत नाहीत?"
"नाही."
"माझा नवरा त्यात आहे. वर गेला तो मोजलाय.
खाली येताना दांडा नसतो."

मास्तर काही बोलला नाही.
भाकरीचा तुकडा मोडला, दोन असमान भाग झाले,
मोठा तिच्याकडे सरकवला.

मेमध्ये भंगारवाला आला.
आठ खिडक्यांचं ते यंत्र तराजूत ठेवलं,
आकडा तसाच, चकाकत.
"साडेचार किलो."
मास्तर जरा वेळ काट्याकडे बघत राहिला.
मग म्हणाला, "हा आमच्यातला नाही,"
आणि टोपी घालून निघाला.