रस्ता आज काय म्हणाला

पहाटे पावणेपाचला
खिडकीबाहेरचा पारा मी बघत नाही.
आकडा कळला की अंग आधीच काकडतं.
दार उघडते, नाकाने एक श्वास घेते.
नाकातले केस एकमेकांना चिकटले
तर उणे पंधराच्या खाली,
नाही तर वर.
शाळेत चारशे पोरांची ओटची लापशी रांधणाऱ्या बाईला
एवढं हवामानशास्त्र पुरतं.

सायकल अंगणातच, उघड्यावर.
लाड करून घरात घेतली की ती घामेजते,
आणि बाहेर येताच तो घाम गोठून
ब्रेकच्या तारा धरून बसतो.

जानेवारीत एकदा उणे एकोणतीस.
मागच्या चाकातलं ग्रीस थिजलं.
पॅडल गरगर फिरतंय, चाक जागचं हलत नाही,
जसा एखादा साहेब हो हो म्हणतो
आणि कागद टेबलावरून पुढे सरकत नाही.
चार किलोमीटर तिला हाताला धरून नेली.
पापण्यांवर बर्फाच्या काड्या,
मफलर तोंडापाशी पत्र्यासारखा.
लापशी वीस मिनिटं उशिरा झाली.
कुणी काही बोललं नाही;
एक मुलगी फक्त म्हणाली, आज करपली नाही.

लोक विचारतात ते थंडीचं.
थंडी सरळ बाई आहे, तोंडावर बोलते.
उणे बाराला औलूसारखं शहर नाही:
नदीकाठची वाट दाबून बसलेली, कोरडी, पांढरी,
शाळेची पोरं, टपालवाला, पोटुशी डॉक्टरीण,
सगळी आपापल्या दिव्यामागे चाललेली.

भीती वाटते ती शून्याची.
दिवसा पाणी, रात्री काच.
ऑक्टोबरात तुइराच्या पुलावर मी पडले तेव्हा
खिळ्यांचे टायर अजून फळीवरच होते.
चाकाखालून आवाज येईनासा झाला
हे कळलं, आणि मग आकाश दिसलं.
सहा आठवडे मनगट प्लास्टरमध्ये, मी बसमध्ये.
बसच्या काचेतून हवा नुसती दिसते.

तळमजल्यावर तावेत्ती राहतो.
एकतीस हिवाळे त्याने याच वाटेवर
बर्फाचा नांगर चालवला,
पहाटे तीनला, मी उठायच्या आधी.
आता त्याच्या नजरेचा मधला भाग गेलाय;
कडा दिसतात, माणूस दिसत नाही.
संध्याकाळी मी सायकल लावताना
त्याची खिडकी बोटभर उघडते:
"इर्मेली, रस्ता आज काय म्हणाला?"

आणि मी तोंडाने आवाज काढते,
पन्नाशीची बाई, भर अंगणात.
चुरचुर म्हटलं की तो म्हणतो, उणे पाच, ताजा.
करकर. दहा-बारा.
कींऽकींऽ, दातांतून, बारीक:
"पंचवीस! उद्या ग्रीस सांभाळ."
फचफच केलं तर शिवी देतो,
मला नाही, शून्याला.
एप्रिलात खरखर. घसरू नये म्हणून
हिवाळाभर टाकलेली खडी उघडी पडते.
"ती माझी," म्हणतो,
जरी ती आता दुसराच कुणी टाकतो.

मग झाडणारं यंत्र येऊन गेलं.
डांबर स्वच्छ. बर्चच्या काड्यांना
हिरवं म्हणावं की नाही असं काहीतरी.
रात्री नऊलाही उजेड.
मी कुलूप लावलं. खिडकी बोटभर उघडली.
"काय म्हणाला?"
"काहीच नाही म्हणाला."
आत खुर्ची जोरात सरकली.
"पडलीस? कुठे लागलं?"
"कुठे नाही लागलं, तावेत्ती.
मे महिना लागला."

तो जरा वेळ गप्प.
मग खिडकी त्याने पुरती उघडली,
तळवा बाहेर काढून धरला.
"आणि वारा?"
"समोरून.
जातानाही, येतानाही."