वयाचा रकाना

मोक्पोच्या कचेरीत
गणिताचे मास्तर ग्यू-हो
स्मशानाचा फॉर्म भरतायत.
बाळ सातव्यातच आलं. रडलं नाही.
वय?
शून्य लिहा, कारकून म्हणतो,
आता नवा कायदा आहे.

अकरा वर्षं फळ्यावर
त्यांनी शून्यापासूनच रेघ ओढली,
पोरांना बजावलं,
आकड्याला आत्मा नसतो, जागा असते.

सोल-आ भिंतीला टेकून उभी.
तिच्या आईच्या हिशेबात
मूल जन्मतं तेच एक वर्षाचं;
पोटातले दिवस कुणी फुकट धरत नाही.

पेन थांबलंय.
कारकुनाच्या कॉफीवर साय धरते.

मग मास्तर लिहितात : एक.
आणि ओठांतल्या ओठांत उच्चारतात,
धान्य मोजणारा पहिल्या मापाला
लाभ म्हणतो
तसं.