माहेरचं नाव

दुकानाच्या मागच्या भिंतीवर माझं प्रमाणपत्र आहे,
कुमारी रोहिणी दत्तात्रय लाड, फार्मसी, इंदूर.
काच उदबत्तीच्या धुरानं पिवळी पडलीय.
विजेच्या बिलावर मात्र मीनाक्षी शेवडे.
मल्हारगंजात सगळे मीनाताईच म्हणतात.
रोहिणी कोण, हे फक्त औषध-निरीक्षक विचारतो,
तेही वर्षातून एकदा, चहा येईपर्यंत.

म्हणून असेल, मला गोळ्यांचं कळतं.
त्यांनाही पुढून ठसठशीत, रंगीत, सासरचं नाव
आणि मागे, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत,
माहेरचं.

हेमलताबाई पारुंडेकर सकाळीच आल्या,
पोह्यांच्या गाडीवरून तशाच, बोटांना जिरावण.
गुडघा.
"ती लाल पट्टीवाली नको हं, मीनाताई.
मागच्या खेपेला ओठ हे एवढे सुजले,
अंगभर गांधी उठल्या, छाती शिट्या मारायला लागली.
भाऊजींनी स्कूटरवर घालून एमवायला नेलं.
आज ती निळी द्या.
अगरवालभाभी रोज घेतात, एकदम हलकी आहे म्हणे."

मी निळी उलटी केली.
चष्मा कपाळावरून नाकावर आणला.
आयबुप्रोफेन.
सोबत पाठराखीण म्हणून पॅरासिटामॉल.
लाल उलटी केली.
तीच मुलगी, दुसऱ्या घरी दिलेली.

"दमा आहे का तुम्हाला?"
"छे हो. थंडीत जरा होतं. पंप आहे घरात,
पण दमा असा नाही."
काउंटरच्या त्या बाजूला
दमा कुणालाच नसतो,
पोटात आग कुणाच्याच पडत नाही,
आणि गोळी कुणीच उपाशीपोटी घेत नाही.

"एमवायनं काही लिहून दिलं होतं?"
"दिलं होतं की, लाल शाईनं. दिवाळीच्या आवराआवरीत गेलं.
कचऱ्याची गाडी खाली उभी, हा भोंगा वाजतोय,
सुक्यात टाकलं."
इंदूरची माणसं आम्ही,
कागद चुकीच्या डब्यात टाकत नाही.

"आणि ती लाल गोळी, ती कुठून आणली होती?"
बाई हसल्या.
"अहो, इथूनच की. तुम्हीच दिली.
दोनच हव्या होत्या, म्हणून कापून."

गिऱ्हाईक मागे उभं होतं. भिया, जल्दी करो, म्हणत होतं.
मी ड्रॉवर उघडला.
उरलेल्या पट्ट्यांचे तुकडे असतात तिथे, रबरबँड, सुटे पैसे, कात्री.
किती दोन-दोन गोळ्या कापल्या असतील मी या कात्रीनं
पंचवीस वर्षांत.
दोन चंदेरी फुगवटे गिऱ्हाइकाच्या तळहातावर
आणि नाव
माझ्या अर्ध्यात.

गोळी दिली नाही.
शेकायची पिशवी दिली, डॉक्टर वैशंपायनांकडे जा म्हटलं,
न जाता काहीही घेऊ नका, भाभींची तर नकोच.
वर्तमानपत्राच्या पुडीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं:
आयबुप्रोफेन. चालत नाही.
खाली लिहिलं: डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन, या हिच्याच बहिणी,
विचारल्याशिवाय घरात घेऊ नका.
आणि दमा. दमा आहे, असं सांगा.

त्यांनी ते दूर धरून वाचलं,
आय, बु, प्रो,
जसं पत्रिका बघताना मुलीचं गोत्र वाचतात.
"एवढंसं नाव," म्हणाल्या,
"आणि माझा जीव जायची वेळ आली होती."
पुडी चारदा घडी करून पर्समध्ये,
देवीच्या फोटोमागे.

मग पिशवी उचलताना त्यांची नजर वर गेली.
"इतकी वर्षं येतेय,
ही लाडांची रोहिणी कोण हो?"

मागच्याला दोन गोळ्या हव्या होत्या, डोकेदुखीच्या.
मी कात्री हातात घेतली,
खाली ठेवली.
"पूर्ण पट्टी घ्या," म्हटलं,
"नाहीतर थांबा, लिहून देते."